बेचाळीस कोयत्यांची यादी

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. ऊस तोडायचा कोयता. बाभळीची मूठ, तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, आणि पातं घासून घासून अर्धं राहिलेलं. माझं वय पंचवीस वर्षं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळू आवाजात, उसासे टाकत सांगतात. मला ते जमायचं नाही. मी रागात आहे आणि रागातच सांगणार आहे. ज्याला गोड बोलणं हवं असेल त्याने गुळाच्या ढेपेकडे जावं.

रागाचं कारण आधीच सांगून टाकतो. आमच्या बीड जिल्ह्यात माझ्या नावाने माणसं मोजतात. मुकादम म्हणजे तोडणारी टोळी जमवणारा माणूस. त्याला विचारा, किती कोयते जमले, तर तो सांगेल बेचाळीस. तुम्हाला वाटेल लोखंडाचे बेचाळीस तुकडे. छे! एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. दोन जिवंत माणसं, चार हात, दोन पाठी, आणि त्यांना नाव दिलं माझं. बरं, तेही मी पचवलं असतं. पण हीच मोजणी कागदावर उतरली की जोडीपुढे फक्त नवऱ्याचं नाव लागतं, आणि बायको कुठे जाते ते कुणी विचारत नाही. या एका खोडीपायी दीपमालेचा हात कसा वाऱ्यावर सोडला गेला, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म नांदूरघाटच्या बाजारात, एका लोहाराच्या भात्यापाशी झाला. मोडक्या ट्रकचा पाटा तोडून त्याने मला घडवलं. म्हणजे जन्माआधीही मी ओझंच वाहत होतो. सत्यभामाबाईने तीन कोयते हातात घेऊन पाहिले, दोन परत ठेवले आणि मला उचललं. तिचे तोवर सहा हंगाम झाले होते. त्या दिवसापासून मी तिच्या उजव्या हाताचा झालो.

दसरा झाला की आमची टोळी ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या मुलखात जायची. उसाच्या फडाजवळ पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची, झोपडीवजा कोपी घालायची आणि उजाडायच्या आत फडात उभं राहायचं. खाली वाकून बुंध्यावर घाव, मग पाचट सोलायचं, शेंड्यावर घाव, आणि ऊस बाजूला. असे पाच-सहा महिने. पण मित्रांनो, तोडणं हे अर्धंच काम. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, एकेक मोळी पस्तीस-चाळीस किलोची, ती डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. मोळ्या गडीही वाहतात, नाही असं नाही. पण आमच्या टोळीत गडी तोडायला पुढे आणि बाई वाहायला मागे, असाच रिवाज. दिवसाला चाळीस-पन्नास फेऱ्या. फळी हलायची, मान आत दबायची, आणि खालून कुणीतरी ओरडायचं, आटपा.

सत्यभामेचा हात तेव्हा तेज होता. बंकट मुकादम चारचौघांत सांगायचा की सत्यभामाबाईच्या कोयत्यासारखा कोयता टोळीत नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. खंडेनवमीला ती मला धुऊन हळदकुंकू लावायची, मला पुढ्यात ठेवून नमस्कार करायची. पुढे तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आधी सकाळी, मग दिवसभर. बाविसाव्या हंगामात एका दुपारी घाव घालताना तिची बोटं एकाएकी झोपली आणि मी तिच्या हातून निसटून तिच्याच पायावर पडलो. पायाची जखम महिन्यात भरली. बोटं मात्र कायमची गेली. तिला आज चहाचा कप एका हाताने धरता येत नाही. बंकट मुकादमाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या मुलाला, अंगदला सांगितलं की आता बायकोला आण. झालं. बावीस हंगामांचा निरोप इतक्यात आटोपला. तिला काय झालं, कशाने झालं, हे तिला कुणीही विचारलं नाही.

मग मी दीपमालेच्या हाती आलो. दीपमाला अंगदची बायको, तेव्हा अठरा वर्षांची. चिंधी तिनेच गुंडाळली, मूठ तिच्या हातातून निसटायची म्हणून. नऊ हंगाम आम्ही एकत्र केले. सातव्या हंगामात एकदा तिने मला खाली ठेवलं आणि उजवा हात झटकला. मी ओळखलं. हे झटकणं मी आधी एका हातात पाहिलेलं होतं. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती.

नववा हंगाम संपवून आम्ही गावी आलो तेव्हा तिला पोळपाटावर लाटणं धरवत नव्हतं. शर्टाची गुंडी लावताना ती बोटांकडे बघत राहायची, कारण न बघता कळायचंच नाही की गुंडी चिमटीत आली की नाही. ती सत्तावीस वर्षांची होती.

आता नीट ऐका. पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. गावच्या शाळेत ऊसतोड कामगारांची तपासणी ठरली. मनिषा आमच्या गावची आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम घरोघर नेणारी बाई. ती सांगून गेली की ज्या कामगारांचे हात बधिर होतात त्यांना दसऱ्याच्या आत गाडीने मोठ्या दवाखान्यात नेणार, नसा यंत्रावर तपासणार आणि पुढचा इलाज करणार. डॉक्टरांना पकड बघायची आहे, तेव्हा तोडणाऱ्यांनी आपापला कोयता सोबत आणावा. दीपमालेने मला घासून पुसून पदराखाली घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला आशेने कुठे निघालेलं पाहिलं.

शाळेच्या पडवीत टेबल होतं. टेबलावर बंकट मुकादमाने दिलेली यादी होती, बेचाळीस कोयत्यांची. म्हणजे बेचाळीस पुरुषांची नावं. लिहिणारा माणूस यादीत नाव सापडलं की ‘ऊसतोड’ लिहायचा आणि नाही सापडलं की धंदा विचारायचा. अंगदचं झालं. मग दीपमाला पुढे झाली, हातात मी. लिहिणाऱ्याने विचारलं, बाई काय करते? तिला नाही विचारलं, अंगदला विचारलं. आणि अंगद म्हणाला, “काय न्हाई साहेब, घरीच असती.”

मित्रांनो, अंगद वाईट माणूस नाही. आमच्याकडे बायको परक्याच्या फडात राबते हे चार साहेबांपुढे सांगणं पुरुषाला कमीपणाचं वाटतं, म्हणून सगळेच असं सांगतात. बाप तसं सांगायचा, मुलगाही सांगतो. नऊ वर्षं शेजारी उभं राहून जिचे घाव ऐकले, तिच्याबद्दल हा गडी म्हणतो घरीच असते! आणि ती समोर कोयता घेऊन उभी!

दीपमाला म्हणाली, “साहेब, म्या पन तोडती. ह्यो बघा माझा कोयता.”

लिहिणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि म्हणाला की कोयता अंगदच्या नावावर आहे, एका कोयत्याला एकच नाव. त्याने ‘घरकाम’ असं लिहिलं. आत डॉक्टरांनी तिची मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावली, बोटांना टोचून पाहिलं, बधिरपणा आहे असं कागदावर नोंदवलं. पण कागदावर धंदा घरकाम होता. त्यामुळे गाडी नाही. मलमाची ट्यूब, दहा गोळ्या आणि एक सल्ला मिळाला, धुणीभांडी जरा बेताने करा. तिने ट्यूब आणि गोळ्या डाव्या हातात घेतल्या आणि मला पुन्हा पदराखाली घेतलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. मनिषाने तो आमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. मी तिथेच कुडाला खोचलेला होतो. तपासलेले ऊसतोड कामगार बेचाळीस, त्यांत हात बधिर असलेले सहा. घरकाम करणाऱ्या बायका शहाण्णव, त्यांत हात बधिर असलेल्या अठ्ठावीस. शंभराच्या मापाने पाहिलं तर कामगारांत चौदा आणि घरकामवाल्यांत एकोणतीस. तेव्हा निष्कर्ष असा की हे दुखणं ऊसतोडीमुळे होत नाही, उलट घरकामात दुपटीने होतं. बायकांनी भांडी घासताना मनगट सरळ ठेवावं.

वड्याचं तेल वांग्यावर काढतात ते ऐकून होतो. इथे तर उसाचं ओझं भांड्यांवर काढलं होतं. आणि एवढं सगळं रकान्यांत, टक्क्यांत, शिक्का मारून. आकडा खोटा नव्हता बरं का. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. ही सर्वांत चीड आणणारी गोष्ट. सहा आणि अठ्ठावीस हे खरेच होते. पण किती आंबे किडले हे सांगून भागत नाही, ते कोणत्या झाडाचे आणि त्या झाडाला एकूण किती होते हेही सांगावं लागतं. यांनी एका झाडाचे आंबे दुसऱ्याच्या पाटीत टाकले आणि मग पाट्या मोजल्या.

मग दीपमालेने एकच विचारलं.

“ताई, त्या शहाण्णव जनीत म्या कुठं हाय?”

मनिषाने कागद पाहिला. अठ्ठाविसांत, ती म्हणाली. पुढे म्हणाली की आत्याबाईपण अठ्ठाविसांतच आहेत. सासू आणि सून, एकतीस हंगाम दोघींचे मिळून, आणि दोघी घरकामवाल्या. मनिषाने तिथेच ठरवलं की ही शहाण्णव नावं परत एकदा विचारायची. दुखणं डॉक्टरांनी लिहिलंय, त्याला हात लावायचा नाही, नाहीतर उद्या म्हणतील बायकांनी आकडे पिकवले. फक्त एवढंच विचारायचं की ही बाई कधी तोडीला गेली होती का, आणि किती वर्षं. दुखतंय तिला जास्त खोदून आणि नाही दुखत तिला वरवर, असंही करायचं नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

दीपमालाही मला पदराखाली घेऊन तिच्याबरोबर निघाली. पहिल्याच दारात घोडं अडलं. मनिषाने विचारलं, तुम्ही काय काम करता? बाई म्हणाली, “काय न्हाई, घरीच.” दुसरी तेच म्हणाली, तिसरीही तेच. पुरुषांवर रागावलो होतो, आता बायकांवरही रागवायची पाळी आली. त्या खोटं बोलत नव्हत्या. वर्षानुवर्षं त्यांच्याबद्दल जे सांगितलं गेलं तेच त्यांच्या जिभेवर बसलं होतं. चौथ्या दारात दीपमालेने मला पदराखालून काढलं आणि बाईसमोर जमिनीवर ठेवलं.

“तुजा कुठं हाय?”

ती बाई आत गेली आणि आढ्याला खोचलेला आपला कोयता घेऊन आली. तेव्हापासून पद्धत ठरली. काय काम करता हे विचारायचंच नाही. मला पुढे ठेवायचं आणि तुमचा दाखवा म्हणायचं. जिने कधी तोडलं नाही तिच्या घरात गवताचा विळा निघायचा, कोयता निघायचा नाही. जिने तोडलं तिचा निघायचा, कुणाचा गंजलेला, कुणाचा मूठ निखळलेला. मग दुसरा प्रश्न, किती पट्टे पडले? कारखान्याचा हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात. वर्षं कुणाला आठवत नाहीत, पण थोरला पोटात असताना पहिला, धाकटीला झोळीत घेऊन चौथा, सासरा वारला तेव्हा गेलो नाही, असं बोटांवर मोजत सगळ्यांनी सांगितलं. ज्यांची बोटं दुमडत नव्हती त्यांच्यासाठी दीपमालेने खडूने भिंतीवर रेघा मारल्या. चार दिवस हे चाललं. ऐन भाद्रपदाचं ऊन आणि मी पदराखाली, पण पंचवीस वर्षांत एवढं कामाचं काम मी केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ओट्यावर कागद मांडला तेव्हा मनिषाचा आवाजच बदलला. शहाण्णव घरकामवाल्यांत बेचाळीस जणी आजही तोडीला जात होत्या, त्यांत सतरा जणींचे हात बधिर. चौदा जणी पूर्वी जायच्या आणि आता सुटल्या, त्यांत नऊ. उरल्या चाळीस, ज्यांनी जन्मात ऊस तोडला नाही, त्यांत फक्त दोन. म्हणजे कोयता धरलेल्या छप्पन्न जणींत सव्वीस आणि न धरलेल्या चाळिसांत दोन. धुणीभांडी दोन्ही गटांत सारखीच होती!

पुढे आणखी ऐका. पाचांहून कमी पट्टे झालेल्या सोळा जणींत तीन. पाच ते नऊ पट्टे झालेल्या बावीस जणींत दहा. दहा आणि दहाच्या वर झालेल्या अठरा जणींत तेरा. जसे पट्टे वाढले तसा हात गेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी याच तपासणीची बैठक होती. मनिषाला आणि बंकट मुकादमाला बोलावणं होतं, अंगदही गेला. तिच्याबरोबर सत्यभामाबाई, दीपमाला धरून वीस-बावीस बायका निघाल्या, आपापले कोयते घेऊन, कारण तपासणीला तसंच सांगितलं होतं. दारातल्या शिपायाने अडवलं. आत हत्यार न्यायचं नाही. आत चर्चा बेचाळीस कोयत्यांची आणि दारात कोयत्यांना बंदी! आम्हाला खिडकीखाली ओळीने ठेवलं. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

मनिषाने तिचा कागद वाचला. ती घाबरलेली होती, पण एकही आकडा चुकली नाही. तपासणीचे डॉक्टर, डॉक्टर जीवन, तरुण होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की तोडणाऱ्या बायका वयाने मोठ्या असतील, वयाने हात बधिर होतातच. प्रश्न रास्त होता. मनिषाने त्याचाही हिशेब आणला होता. पस्तिशीच्या पुढच्या, तोडीला गेलेल्या चोवीस, त्यांत पंधरा. पस्तिशीच्या पुढच्याच, न गेलेल्या वीस, त्यांत दोन. वय तेच, हात वेगळे. मग डॉक्टर म्हणाले की ठीक आहे, पण ज्यांनी काम सोडलं त्या चौदा जणींना कामगारांत कसं धरायचं? जे आज कामावर आहेत तेच कामगार.

हे ऐकून सत्यभामाबाई उठली. तिला बोलायची सवय नाही. पंचवीस वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

“बोटं गेली म्हनून आमी घरी बसलो,” ती म्हणाली. “अन् घरी बसलो म्हनून तुमी आमाला घरातल्या म्हंता. मंग ही बोटं कुनाच्या नावावर लिवायची, साहेब?”

मग बंकट मुकादमाला राहवलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो म्हणाला की बाया नुसत्या मदतीला असतात, मोळीला हात लावतात एवढंच, कोयता शेवटी गड्याचा. आणि अंगदला त्याने दटावून म्हटलं, “सांग की बे अंगद, न्हाईतर ह्या आज घरी जायच्या न्हाईत.”

मला अंगद दिसत नव्हता. त्याच्या खुर्चीचा आवाज तेवढा आला. मला वाटलं, झालं, हा पुन्हा तेच म्हणणार.

“म्या सायबाला खोटं सांगितलं,” अंगद म्हणाला. “माझी बायको घरी नसती. नऊ साल झालं तोडती. मोळ्या माझ्यापरीस जास्त वाहती. का म्हनून खोटं बोललो ते माझं मला बी म्हाईत न्हाई. पन तिचं नाव लिवा.”

डॉक्टर जीवन बाहेर आले. ओळीने ठेवलेल्या आम्हा कोयत्यांकडे ते बघत उभे राहिले. यांतला एकही यादीतल्या पुरुषांचा नव्हता. त्यांनी मला उचललं, मूठ हातात धरून पाहिली. चिंधीमुळे त्यांची बोटं नीट बसेनात, कारण चिंधी दीपमालेच्या बोटांच्या मापाने बसली होती. आत जाऊन त्यांनी सांगितलं की चूक त्यांची आहे, त्यांनी नावं मोजली, माणसं मोजली नाहीत. माझा राग इतका होता की मला त्यांना क्षमा करायची नव्हती. तरीही एक खरं, चूक झाली असं उघड म्हणणारा साहेब मी पहिल्यांदा पाहिला.

गाडी आली. त्या सव्वीस जणी मोठ्या दवाखान्यात गेल्या, सत्यभामाबाई आणि दीपमालाही. यंत्राने सांगितलं की दीपमालेच्या मानेत नस दाबली गेली आहे. बोटं अजून वाचतील. गोळ्या, मानेचा व्यायाम आणि निदान वर्षभर डोक्यावर ओझं बंद, अगदी हंड्याचंसुद्धा. सत्यभामाबाईला डॉक्टरांनी सांगितलं की फार उशीर झाला. ती हो म्हणाली आणि सुनेच्या हाताकडे बघत राहिली.

इथे थांबलो असतो तर ही कहाणी तुम्हाला आवडली असती. पण माझा राग अजून संपलेला नाही, कारण गोष्टही संपलेली नाही.

ओझं बंद म्हटल्यावर बंकट मुकादम आमच्या दारात आला. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, मग कोयता मोडला. आजही तोडीला जाणाऱ्या त्या सतरांपैकी आठ जणींचे हात इतके गेले होते की त्या फळी चढूच शकत नव्हत्या. त्या आठ जोड्या त्याने काढल्या आणि आठ नव्या भरल्या. आमच्या जागी लिंबागणेशकडची एक जोडी घेतली. बाईचं नाव स्वप्नाली, वय एकोणीस, पहिलाच हंगाम. अंगद गावातच विहिरीच्या खोदकामावर जाऊ लागला. मी पुन्हा कुडाला लागलो.

जानेवारीत फडावर दुसरी तपासणी झाली. या वेळी बायकांची नावं वेगळी लिहिली होती. धंद्याच्या रकान्यात ऊसतोड लिहिलं होतं. एवढं झालं, आणि ते दीपमालेच्या प्रश्नाने झालं, हे मी विसरणार नाही. मनिषाच्या फोनवर अहवाल आला, तिने तो आमच्या ओट्यावर वाचला. टोळीतल्या बेचाळीस बायकांत हात बधिर असलेल्या नऊ. मागच्या वेळी सतरा होत्या. दुखणं जवळपास निम्म्यावर आलं, उपाययोजना यशस्वी, सर्वांचं अभिनंदन.

दीपमाला तेव्हा डाव्या हाताने ज्वारी निवडत होती. ती हसली. तसं हसणं कुणाच्याही घरात कुणाला हसावं लागू नये.

“ताई, आमी आठ जनी मोजल्या का?”

मोजल्या नव्हत्या. कशा मोजतील? त्या फडावर नव्हत्याच. सतरांतल्या आठ घरी बसल्या म्हणून नऊ उरल्या. एकीचाही हात बरा झाला नव्हता. मोडलेली माणसं बाहेर काढायची, धडधाकट आत भरायची आणि मग सांगायचं की बघा, आमचे लोक किती निरोगी. असं तर मेंढ्यांच्या कळपालाही कुणी निरोगी म्हणणार नाही. मनिषाने नवीन पान काढलं. वर लिहिलं, गेल्या साली होत्या, यंदा नाहीत. खाली आठ नावं. पहिलं नाव दीपमालेचं. हे पान तिने डॉक्टर जीवन यांना पाठवलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल हा कोयता म्हणेल मला जपा, मला तेल लावा, माझा गंज काढा. मला काही नको. मला गंज चढला तर चढू द्या, पातं गळून पडलं तरी हरकत नाही. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी डॉक्टर होईल, कुणी यादी लिहिणारा होईल. एवढंच करा. माणसाच्या जागी कोयता लिहू नका. बाई समोर उभी असताना तिचं काम दुसऱ्याला विचारू नका. आणि कामावर हजर आहेत त्यांना मोजून झालं की कागद मिटू नका, जे हजर नाहीत त्यांच्या घरी जा, ते का आले नाहीत ते विचारा, आणि तेही त्याच कागदावर लिहा.

स्वप्नालीची बोटं अजून धड आहेत. कालच तिने टोळीतल्या बायकांकडून नंबर घेऊन दीपमालेला फोन केला होता. विचारत होती, सकाळी उठल्यावर हाताला मुंग्या येतात, हे सगळ्यांनाच होतं का.